डावी बाजू कुठे गेली?

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

मोटारीच्या दारातला स्पीकर हा काही वाङ्मयीन विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. वार्षिक अंकासाठी साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी संपादक मंडळातल्या सरांना भीत भीत विषय सांगितला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "अरे, तू मराठी विभागाचा की आय.टी.आय.चा?" मी म्हटले, "सर, लेख ऐकण्याविषयी आहे." सर म्हणाले, "मग लिही. पण फार लांबवू नकोस." पहिली आज्ञा पाळतो आहे. दुसरीची खात्री देत नाही.

आमच्या घरी वडापची गाडी आहे. तालुक्याच्या एस.टी. स्टँडापासून आमच्या गावापर्यंत आणि तिथून पुढे दोन वाड्यांपर्यंत माझे वडील ती गेली अठरा वर्षे चालवत आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यापूर्वी अण्णा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत. शास्त्रीय संगीतवाले ज्याला पखवाज म्हणतात, तोच हा. पण वडापाचा धंदा असा की एकादशी, जत्रा, लगीनसराई, म्हणजे ज्या ज्या दिवशी भजन असायचे, नेमके त्याच दिवशी प्रवासीही जास्त. भजन रात्री नऊला बसायचे आणि शेवटची खेप साडेनऊला सुटायची. पहिली एक-दोन वर्षे अण्णा उशिरा का होईना जाऊन बसत. पुढे मंडळाने दुसरा वादक पाहिला. त्यात कोणाचाच दोष नाही. मृदंग खुंटीवर गेला, त्याला आईने जुन्या सतरंजीचे गवसण शिवले आणि घरात त्याविषयी बोलणे थांबले.

गेल्या वर्षी गाडीतला जुना टेप जळाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रसवंतीगृहात काम करून काही पैसे साठवले होते. त्यातून नवा संच आणि पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची स्पीकर मी स्वतः बसवले. अण्णांना खूष करावे, म्हणून पहिल्याच खेपेला भजनाची ध्वनिफीत लावली. अण्णा दोन किलोमीटर काही बोलले नाहीत. ओढ्याचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाले, "झांजा तेवढ्या वाजत्यात. डावी बाजू कुठं गेली रं?" आणि हात पुढे करून त्यांनी संच बंद केला.

मला वाटले, डावीकडचा स्पीकर बोलत नसावा. गाडी थांबल्यावर मी डाव्या दाराला कान लावला. स्पीकर ठणठणीत बोलत होता. अण्णांनी कोणती डावी बाजू म्हटली हे कळायला मला संध्याकाळ झाली. मृदंगाच्या उजव्या तोंडावर शाई असते. डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या ओझ्याने कातडे जड होते आणि आवाज खाली उतरून घुमू लागतो. अण्णा विचारत होते ती ही डावी बाजू. माझ्या नव्या कोऱ्या संचातून मृदंगाची उजवी बाजू टणटण ऐकू येत होती, झांजा तर कानठळ्या बसाव्यात अशा. आणि डावी बाजू कोणी कापून नेल्यासारखी नाहीशी झाली होती. पुढे चार महिने अण्णांनी तो संच लावला नाही.

इथून माझ्या मूर्खपणाचे प्रकरण सुरू होते, ते थोडक्यात सांगतो. शहरातल्या एका दुकानात गेलो आणि 'बास कमी पडतो' एवढेच सांगितले. दुकानदाराने कोपऱ्यातली एक जंगी पेटी दाखवली. तिला सबवूफर म्हणतात. ती मागच्या आसनाखाली घालून मी घरी आलो. आता गाडी हादरू लागली. पण तो आवाज मृदंगाचा नव्हता. शेजारच्या घरात कोणी मिरच्या कुटत असावे तसा तो मागून येई आणि पुढे झांजा आपल्या पूर्वीसारख्याच. दोन्हींच्या मधली जागा रिकामी. बाजाराला निघालेल्या एका आजीबाईंनी तर अण्णांना सांगितले, "बाबा, गाडीचं खाली काय तुटलंय का बघ." पेटी मी अर्ध्या किमतीत परत केली.

त्या दुकानात मला आणखी एक गोष्ट दाखवली गेली होती, ती म्हणजे खोक्यावरचा वॅटचा आकडा. नव्या संचाच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असे ठळक छापलेले असते आणि तेवढ्यावर आपण भुलतो. मी विज्ञान शाखेतल्या मित्राला घेऊन कागदावर गणित मांडले. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब फार तर १४.४ व्होल्ट. स्पीकरचा रोध ४ ओहम. दाबाचा वर्ग भागिले रोध, उत्तर सुमारे ५२ वॅट. हाच तो खोक्यावरचा पन्नासचा आकडा! पण हे उत्तर आवाज फाटून चौकोनी झाल्यावरचे आहे. गाण्यासारखा स्वच्छ, वळणदार स्वर हवा असेल तर त्याच दाबावर हिशोबाने त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅटच निघू शकतात, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटावा यासाठी शक्ती जवळजवळ दहापट लागते. म्हणजे खोक्यावरच्या आकड्यामागे धावून डावी बाजू सापडणार नव्हती. आकड्यांचे एक बरे असते, ते कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही फसवू शकत नाहीत. त्याने फक्त एकदा बेरीज-गुणाकार करायला हवा.

आता मूळ मुद्दा. आपण ज्याला सरसकट 'बास' म्हणतो, त्या वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या बाजाराने त्यांची सरमिसळ केली आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात असे क्रमिक पुस्तकात असते. त्यातली अगदी तळाची, म्हणजे साठ-सत्तरच्या खालची कंपने कानापेक्षा पोटाला जास्त जाणवतात. सबवूफरचे राज्य तिथे. त्याच्या वर, साधारण ८० पासून २५०-३०० पर्यंत, एक पट्टा आहे. दुकानात त्याला 'मिडबास' म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणावे यावर मी आणि माझ्या वर्गमित्रांनी एक तास घालवला. कोणी 'मध्यखर्ज' सुचवले, कोणी 'अंगस्वर'. मला तर 'आवाजाचे पोट' हाच शब्द बरा वाटतो, कारण या पट्ट्याशिवाय आवाजाला पोटच उरत नाही, फक्त दात उरतात.

या पट्ट्यात काय काय राहते ते पाहा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० कंपनांच्या दरम्यान असतो, स्त्रीचा १६५ ते २५५ च्या. म्हणजे आपण घरात, वर्गात, पारावर ज्या आवाजाने बोलतो त्याचा पाया इथेच. एखादा गवई काळी एकमध्ये गातो आहे असे धरा. पेटीच्या आजच्या मापाने त्याचा षड्ज सुमारे १३८ कंपनांचा येतो. त्याच्या तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारे १०४, जोड १३८ आणि खर्जाची तार ६९. चारांपैकी तीन तारा थेट या पट्ट्यात आणि चौथी त्याच्या उंबऱ्यावर. तबल्याच्या डग्ग्याचे घुमणे शंभराच्या अलीकडे-पलीकडे. मृदंगाच्या डाव्या तोंडाचे बिऱ्हाडही त्याच गल्लीत. पाश्चात्त्य संगीताचे मला फारसे कळत नाही, परंतु आपले संगीत ज्या जमिनीवर उभे असते ती जमीन ही आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मग ही जमीन काढून घेतली तरी गाणे ओळखू कसे येते? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. मूळ स्वर गाळला आणि नुसते त्याचे उपस्वर ऐकवले, तरी कान त्या उपस्वरांच्या अंतरावरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो आणि रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. म्हणून तर टीचभर मोबाईलवर लावलेला अभंगही आपल्याला अभंग वाटतो. तंबोऱ्याचे बहुतेक सौंदर्य जवारीतून उठणाऱ्या उपस्वरांत असल्यामुळे तो वाईट स्पीकरमध्येही बराचसा तगतो. मृदंगाच्या उजव्या तोंडाचेही तसेच. शाईमुळे त्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले होते. (विज्ञान शाखेच्या मित्रांनी हे मला सांगायला हवे होते, मला ग्रंथालयात सापडले.) डाव्या बाजूचे मात्र तसे नाही. तिच्या घुमण्यात मूळ स्वराचाच वाटा मोठा. तो गेला की कानाला अंदाज बांधायला फारसे काही उरत नाही. म्हणून गायक कळतो, शब्द कळतात, ताल कळतो आणि डावी बाजू जाते. ती गेलेली कोणाला कळते? ज्याचा डावा हात तिच्यावर वर्षानुवर्षे पडला आहे, त्याला. बाकीचे आम्ही 'क्लिअर साउंड आहे' म्हणून माना डोलावतो.

आता ती गाडीत नेमकी कुठे जाते, हे सांगायला हवे. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकच शंकू पुढून 'हो' म्हणतो आणि पाठीमागून 'नाही'. हे 'हो' आणि 'नाही' एकमेकांना भेटले की शिल्लक शून्य. बारीक, उंच स्वरांच्या बाबतीत ही भेट फारशी बाधत नाही. सेकंदाला ३,००० कंपनांच्या स्वराची लहर जेमतेम ११ सेंटिमीटर लांब. ती सरळ समोर निघून जाते. पण १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब. एवढ्या लांब लहरीला स्पीकरच्या कडेवरून वळून मागे जाणे म्हणजे आपण खाटेच्या पायाला वळसा घालावा इतके सोपे. मधे भिंत नसेल तर पुढचा आणि मागचा आवाज गळाभेट घेतात आणि नाहीसे होतात. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती याचसाठी. आजोबांच्या काळचा लाकडी रेडिओ आमच्या माळ्यावर आहे. त्याची पाठ भोकाभोकांच्या पुठ्ठ्याची आहे, परंतु त्याची पुढची लाकडी फळी रुंद असल्यामुळे निदान मागच्या आवाजाला वळसा लांबचा पडे. बातम्या देणाऱ्याचा आवाज त्यातून भरदार येई असे आजी सांगते, त्यात नुसता आठवणींचा गोडवा नसावा.

गाडीच्या दाराला मात्र पेटी नाही. मी आमच्या गाडीच्या दाराचे पॅड उचकटले तेव्हा आतला पत्रा पाहून हबकलो. त्यात दोन्ही पंजे घालता येतील एवढी भोके! काच वर-खाली करणारी मशीन बसवायला कारखान्यात ती ठेवलेली असतात. त्यांच्यावर कधीकाळी एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता, तो मेकॅनिकने फाडला होता. स्पीकरच्या शेजारी ही एवढी खिंडारे असल्यावर तो बिचारा कितीही वॅटचा असो, काय करणार?

याच सुमारास माझ्या एका मित्राच्या बहिणीचा तंबोरा दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून त्याच्याबरोबर मिरजेला जाणे झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य जिथे होते, ती ही मिरज. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वर्तमानपत्रात आपण वाचले असेल. एका कारागिरांनी तंबोऱ्याचा भोपळा हातात घेतला, बोटाच्या पेराने चारी बाजूंनी टिचक्या मारल्या आणि एका जागी थांबून म्हणाले, "इथं चीर आहे." आम्हाला काही दिसत नव्हते. त्यांनी उजेडाकडे धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली. मला राहवले नाही. मी त्यांना गाडीच्या दाराची हकीकत सांगितली आणि पांडित्य दाखवत म्हटले, "म्हणजे आमचे दार हाही एक फुटका भोपळाच म्हणायचा." ते हसले. म्हणाले, "अर्धं बरोबर. चिरा बुजवा. पण दाराला भोपळा समजू नका. भोपळा बोलायला पाहिजे, तबली बोलायला पाहिजे. ते वाद्य आहे. तुमचं दार बोललं तर गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल. त्याला गप्प करा."

माझ्या सगळ्या खटाटोपातले हे सर्वात मोलाचे वाक्य. मी तोवर दारातून आवाज 'काढण्याच्या' मागे होतो. दार बंद करायचे आणि मुके करायचे, एवढेच काम होते.

ते काम मी दोन रविवारी केले. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. प्रथम काहीही विकत न घेता दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यावा आणि स्पीकरच्या तारा सोडवून त्यांना क्षणभर लावावा. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन खुणेला लागली की शंकू बाहेर उसळला पाहिजे. नंतर संचापासून स्पीकरपर्यंतची तारही त्याच खुणांनी तपासावी. मी हे केले आणि कपाळावर हात मारून घेतला. उजव्या दारातल्या तारा मी स्वतःच उलट्या जोडल्या होत्या! डावा शंकू पुढे जाई तेव्हा उजवा मागे; दोघे मिळून खालचे स्वर एकमेकांचे खोडून काढीत आणि वरच्या स्वरांत त्याचा पत्ताही लागत नसे. दोन तारांची अदलाबदल केली, खर्च शून्य, आणि हरवलेल्यातला बराच भाग परत आला. सबवूफरवर घालवलेले पैसे मला त्या क्षणी आठवले.

मग भोके. पत्र्याच्या दुकानातून ॲल्युमिनियमचे तुकडे कापून आणले, मोठ्या भोकांवर स्क्रूने पक्के केले आणि कडांना ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी लावली. काचेची मशीन पुन्हा कधी काढावी लागेल म्हणून रिव्हेट मारले नाहीत. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागे, त्याच ब्यूटाइलचा वर्ख लावलेला जड थर चिकटवला. सगळा पत्रा झाकण्याची गरज नाही. मधला तिसरा-चौथा हिस्सा झाकला तरी पत्र्याची थरथर जाते. पुष्कळ जण पैसे वाचवायला गच्चीचे डांबरी पत्रे लावतात. आपल्याकडच्या उन्हात डांबर मऊ होते, सुटते आणि गाडीत वास भरून राहतो. तिथे काटकसर करू नये. कुलपाच्या सळया खुळखुळत होत्या, त्यांना कापडी पट्टी गुंडाळली. स्पीकर पातळ पत्र्यावर थेट बसला होता, त्याच्याखाली जाड कडे हवे. पहिले कडे मी साध्या प्लायवुडचे केले. ते पहिल्या पावसात पापडासारखे फुगले. दुसरे केले ते आईच्या भाजी चिरायच्या प्लॅस्टिकच्या पाटाचे. हा तपशील आईने वाचू नये अशी इच्छा आहे. पाट कुठे गेला हे ती अजून विचारते. शेवटी स्पीकर आणि दाराचे पॅड यांच्यामधल्या फटीत फोमची गोल पट्टी लावली, म्हणजे पुढचा आवाज पॅडच्या मागे न शिरता थेट गाडीत येतो. संचामध्ये ८० च्या खालचे स्वर दाराच्या स्पीकरकडे न पाठवण्याची सोय असते, ती चालू केली. हे उलटे वाटेल; आपल्याला खालचे स्वर हवेत आणि आपण तेच अडवतो आहोत! पण तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट धावावे लागते. त्या धावपळीतून त्याला सोडवले की राहिलेले स्वर तो नीट उचलतो.

आणि एक अपघात. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक छिद्रे असतात. बुजवण्याच्या भरात मी तीही बुजवली. जूनमध्ये गाडी वळली की दारात कळशी हिंदकळावी तसा आवाज येई. अण्णांनी दार उघडून पाहिले, काही न बोलता खिळ्याने छिद्रे मोकळी केली आणि पाणी रस्त्यावर सोडून दिले. मी शेजारी उभा होतो.

एवढे करूनही गाडी ही काही दिवाणखाना नव्हे. चालत्या गाडीच्या चाकांचा आणि इंजिनाचा घरघराट याच खालच्या पट्ट्यात सर्वात जाड असतो, म्हणून वेग वाढला की डावी बाजू पुन्हा थोडी बुडते. आवाज लहान केला तरीही ती अधिक बुडते, कारण लहान आवाजात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून दाखवले. पण दार बंद केल्यापासून रस्त्याचा गोंगाटही आत कमी येतो, हा अनपेक्षित फायदा. पूर्वी मी आवाजाची कळ वीसवर ठेवत असे, आता चौदा पुरतात. सगळा खर्च दोन हजारांच्या आत आटोपला. आई आणि पाट यांचा हिशोब वेगळा.

आमच्या वर्गातल्या मित्रांना हे पटत नाही. एकाच्या गाडीच्या मागे दोन सबवूफर आहेत. तो म्हणतो, "गाणे अंगात शिरले पाहिजे." मी त्याला म्हटले, तुझ्या अंगात गाणे शिरत नाही, नुसता ठोका शिरतो. मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले स्पीकर लागतात तेव्हा काचा थरथरतात, छाती दडपते. पण त्या दणक्यातून ढोलाचा ठेका घेणारा हात तुम्हाला ऐकू येतो का? ढोल नुसता वाजत नाही, त्यावर कोणाचा तरी हात पडतो. टिपरू कसे पडले, कातडे किती ताणलेले होते, हे सारे त्या मधल्या पट्ट्यात असते. तळाचा दणका आणि वरचा चणचणाट, एवढ्यावर हल्लीचे बहुतेक संच विकले जातात, कारण दुकानात दोन मिनिटे उभे राहून ऐकताना हेच दोन प्रथम कानात भरतात. मधले पोट ऐकायला वेळ लागतो. माझा मित्र यावर म्हणाला, "तुझे वडील मृदंग वाजवत होते म्हणून तुला हे सुचते. ज्याने मृदंग ऐकलाच नाही त्याचे काय हरवले?" या प्रश्नाने मी चार दिवस अस्वस्थ होतो, हे कबूल करतो. कारण तो म्हणतो ते खरे असेल तर आपली पिढी काहीच गमावत नाही. जे कधी ऐकलेच नाही त्याची उणीव कशी भासणार? परंतु माझेच उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते. अण्णांचा मृदंग खुंटीवर गेला तेव्हा मी तीन-चार वर्षांचा होतो. मलाही डावी बाजू ठाऊक नव्हती. मीसुद्धा 'क्लिअर साउंड'वर खूष होतो. ती नाही, हे मला एका माणसाने सांगावे लागले, आणि सांगणारा चार महिने गप्प बसून राहिला म्हणून ते माझ्या डोक्यातून गेले नाही. सरांनी मला विचारले होते, यात साहित्य कुठे आहे? आम्हाला वर्गात कवितेचे चरण मोठ्याने वाचायला सांगतात आणि म्हणतात, यातला न उच्चारलेला शब्द ओळखा. मी तेच दारापाशी बसून करत होतो.

श्रावणातल्या एका सोमवारी शेवटची खेप रिकामी होती. मी पुढे बसलो होतो. न विचारता भजन लावले, कळ चौदावर. अण्णांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. पहिला अभंग संपला. दुसऱ्यात लय वाढली तसा त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर पालथा पडून हलू लागला. तळहाताची मागची बाजू दाबायची, बोटे सोडायची. पूल गेला, वाडीचा फाटा गेला. मी संचाकडे पाहत होतो, त्यांच्याकडे पाहायचे धाडस नव्हते.

फाट्याच्या पुढे त्यांनी तोंड उघडले. "वाजवणारा चांगला आहे," म्हणाले, "पण कणीक जरा सैल मळलीय त्यानं. घोगरं येतंय."

मागची दोन दारे अजून तशीच आहेत. दिवाळीच्या सुट्टीत करायची आहेत. पाट मात्र दुसरा विकत आणावा लागेल.